दूधभाताने मांजराचे भागते काय?

मांजराचे जेवण म्हटले की मराठी गृहिणीच्या डोळ्यांपुढे दूधभाताची वाटी उभी राहते. गायकवाडी अमलापासून वडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हीच रीत चालत आली. शेजारच्या गुजराती घरी भाताच्या जागी रोटली कुस्करली जाते, इतकाच काय तो फरक. या आहारावर वाढलेली धष्टपुष्ट मांजरे सर्वांनीच पाहिली आहेत. मग पशुवैद्य याच वाटीवर बोट का ठेवतात?

याचे कारण असे की, वाटीतला दूधभात हा त्या मांजराचा संपूर्ण आहार कधीच नव्हता. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या घरांना माळे होते, परसू होते, धान्याच्या कोठ्या होत्या. आणि धान्य तेथे उंदीर हे ठरलेलेच. मांजर रात्री बाहेर पडे, उंदीर, पाल, एखादे पाखरू यांवर पोट भरून घेई आणि सकाळी पुन्हा दुधासाठी पायांत घोटाळे. घरच्यांना दूध तेवढे दिसे, शिकार दिसत नसे, आणि सारे श्रेय वाटीला मिळे. शहराच्या दक्षिणेकडील तरसाली एकेकाळी खेडे होते. आज तेथे सोसायट्या उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीआड वाढणाऱ्या मांजराच्या वाट्याला उंदीर येणार कोठून? वाटी तीच राहिली. तिच्या आडून चालणारे खरे जेवण मात्र बंद पडले.

चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाकाठी सुमारे २०० ते २५० कॅलरी लागतात. एका उंदरातून ३० च्या आसपास मिळतात. म्हणजे निसर्गाने नेमून दिलेला शिधा आठ-दहा लहान घासांचा होय. मांजर दिवसभर थोडे थोडे खाते, ही त्याची खोड नव्हे, शरीराची घडण आहे. कुत्रा माणसाच्या सहवासात पुष्कळसा मिश्राहारी बनला. मांजर तसे बनले नाही. प्रौढ कुत्र्याच्या आहारात पाणी वगळता १८ टक्के प्रथिने असावीत असा अमेरिकेतील पशुखाद्याचा दंडक आहे. मांजरासाठी तोच आकडा २६ टक्के आहे. तांदळात प्रथिने सात-आठ टक्केच असतात.

पण प्रश्न केवळ प्रथिनांचा नाही. मांसात टॉरिन नावाचे एक द्रव्य असते. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करते. मांजराच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही. धान्यात व डाळीत ते जवळजवळ नसतेच, आणि गाईच्या दुधातही नाममात्र असते. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजत जाते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, त्याच अभावाने हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते. हे सारे महिनोन्‌महिने मुकाट्याने चालते. मांजर खाते, पिते, खेळते. आणि एके दिवशी ते भिंतीवर आपटू लागते. हृदयविकार वेळीच ओळखला तर टॉरिन देऊन पुष्कळदा सुधारतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. गाजर-भोपळ्यातील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविण्याची शक्तीही मांजरात नाही. ते त्याला मांसातून आयतेच मिळावे लागते.

आणंदच्या शेजारी राहून दुधाविरुद्ध बोलणे धाडसाचेच! तथापि दुधातील साखर पचविण्याची शक्ती बहुतेक मांजरांत पिलूपण सरताच ओसरते, आणि हगवण लागते. बासुंदीची वाटी मांजर चाटते ते गोडीसाठी नव्हे, स्निग्धतेसाठी. गोड चव ओळखणारी यंत्रणाच त्याच्या जिभेत निकामी आहे, असे २००५ मध्ये आढळून आले.

मांसाहारी घरात उपाय सोपा आहे. कोंबडी किंवा मासळी बिनमिठाची उकडावी आणि उकडलेले पाणी फेकू नये, कारण टॉरिन पाण्यात उतरते. मात्र बिनमसाल्याचे मांस हाही पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम फारच थोडे. रोज केवळ काळीज घातल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके आखडतात. रश्शातला तुकडा तर देऊच नये. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

शाकाहारी घराची अडचण खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अंड्याने प्रथिने मिळतील, टॉरिन मिळणार नाही. अशा अनेक घरांत पाकिटातील कोरडे खाद्य चालवून घेतले जाते. आत बहुधा कोंबडी किंवा मासळी असतेच, पण ती घरच्या चुलीवर चढत नाही! पाकिटावर मांजरासाठी ‘संपूर्ण आहार’ असा स्पष्ट उल्लेख आहे ना, एवढे पाहावे. कुत्र्याचे खाद्य चालत नाही. कारखान्यात तयार केलेले टॉरिन अशा खाद्यात मिसळलेले असते.

जुनी सवय एका दिवसात मोडू नये. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळीत आठ-दहा दिवस घ्यावेत. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवणे घातक ठरते. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. कोरडे खाद्य देणाऱ्यांनी पाण्याकडे लक्ष ठेवावे. वाळवंटी प्रदेशातल्या पूर्वजांचा हा वंशज तहान लागूनही पाणी कमीच पितो. वडोद्याच्या वैशाखात पाण्याची दोन भांडी, जेवणाच्या वाटीपासून दूर आणि सावलीत, भरलेली असावीत.