ऑफर 18 लाखांची, पण तुमच्या शब्दाला वजन किती?

आज बोलूया ऑफर आल्यावर एचआरशी पगाराची बोलणी कशी करायची यावर. आपल्या आयटीतलंच उदाहरण घेऊ.

समजा तुमचा आत्ताचा सीटीसी 13.5 लाख आहे आणि ऑफर आली 18 लाखांची. म्हणजे 33 टक्के हाइक! पण जरा आकडे फोडून बघा. त्यात 1 लाख जॉइनिंग बोनस, तो एकदाच मिळणार. 2 लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. उरले 15 लाख फिक्स्ड. बेसिक 6 लाख धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 72,000 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 28,900 यातूनच जातात. राहिले 14 लाख. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ आणि टॅक्स अजून जायचाच आहे. आत्ता तुमचे असेच 12.5 लाख राहत असतील, तर पक्की वाढ झाली 12 टक्के. म्हणून बोलायचं ते फिक्स्डवर, सीटीसीवर नाही.

आता लेव्हरेज, म्हणजे आपल्या शब्दाला वजन कशामुळे येतं? 'नाही' म्हणायची सोय असली की येतं. दुसरी ऑफर हातात असेल तर उत्तमच. नसेल तर चालू नोकरी हीच तुमची दुसरी ऑफर! म्हणून सुधारित ऑफर लेटर हातात यायच्या आत राजीनामा टाकू नका, नाहीतर परतीचे दोर कापलेच म्हणून समजा.

दुसरं वजन नोटीस पिरियडचं. 90 दिवसांत उमेदवार दुसरीकडे गेला तर काय, ही धास्ती नव्या कंपनीला असतेच. तुमची कंपनी बायआउट देत असेल, तर "महिन्याभरात जॉइन होतो" या वाक्याला किंमत आहे. पण ते फुकट देऊन टाकू नका, मागणीसोबतच बोला.

मागायचं कसं? सरळ आणि आकड्यात: "मला रोल आवडलाय. व्हेरिएबलमधला 1 लाख फिक्स्डमध्ये टाकून ते 16 केलंत, तर मी आजच ॲक्सेप्ट करतो." यात एकूण सीटीसी तोच राहतो, त्यामुळे एचआरला वरून मंजुरी आणणं सोपं जातं. आकडा सांगितला की गप्प बसा. लगेच "नाही जमलं तरी चालेल" म्हणालात, तर संपलंच सगळं.

खोटी ऑफर मात्र सांगू नका. "लेटर पाठवा" म्हणाले तर काय दाखवणार? आणि फोनवर "पुढच्या रिव्ह्यूला बघू" म्हणाले, तर ते लेखी मागा. जॉइनिंग बोनसची अटही वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करावा लागेल, असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

तुमच्याकडे ऑफर असेल तर आज रात्री एवढंच करा: कागदावर फिक्स्ड वेगळं काढा आणि कितीच्या खाली 'नाही' म्हणणार, तो आकडा लिहा. फोन त्यानंतर. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!