मुलाला इंग्लिश मीडियम, मुलीला कन्याशाळा

धर्माबादच्या बाजारातली लाल मिरचीची आवक ओसरली, की गावात सल्ल्यांची आवक सुरू होते. लेकरू चौथी पास झालं, आता पाचवीला कुठं टाकायचं? मुलाच्या बाबतीत हा प्रश्न फी, व्हॅन आणि मीडियम यांच्यापाशी मिटतो. मुलगी असली की त्यात चौथा मुद्दा येतो. शाळा फक्त मुलींची हवी, की मुलं-मुली एकत्र असलेली चालेल? चौथीपर्यंत ज्या बापाला मुलगी कुणाच्या शेजारी बसते याची काही पडलेली नसते, तोच मे महिन्यात अचानक या विषयातला जाणकार होतो. मग ओट्यावर, किराणा दुकानात, नांदेडला जाणाऱ्या गाडीत जी वाक्यं ऐकू येतात, त्यांतली बरीचशी तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

पहिलं वाक्य: “कन्याशाळेत पोरी जास्त मार्क घेतात.”

राज्य मंडळाचे आकडे आधी बघू. २०२४ च्या दहावीत राज्यातल्या ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९४.५६ टक्के मुलगे. २०२५ मध्ये मुली ९६.१४, मुलगे ९२.३१. बारावीलाही तेच चित्र आहे. वर्षानुवर्षं मुली पुढे आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य मुली मिश्र शाळांतच शिकलेल्या असतात, कारण महाराष्ट्रात बहुतेक शाळा मिश्रच आहेत. ज्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांमुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, तिथेही मुलं-मुली एकाच वर्गात बसतात. वर्गात मुलगे आहेत म्हणून मुलींचा अभ्यास बुडतो, असं म्हणायला इथं काही आधार सापडत नाही.

पण एखाद्या शहरातल्या नामांकित कन्याशाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, त्याचं काय? तिथं मुलगी घ्यायची की नाही हे शाळा ठरवते. शिकलेल्या, ऐपतदार घरांतल्या मुलींची तिथं रांग असते. चांगलं बी निवडून पेरलं आणि पीक जोमदार आलं, तर श्रेय कुंपणाला कसं देणार? दोन प्रकारच्या शाळांची तुलना करणारे बहुतेक अभ्यास याच ठिकाणी फसतात. २०१४ साली जेनेट हाइड आणि सहकाऱ्यांनी २१ देशांतले १८४ अभ्यास, म्हणजे सुमारे सोळा लाख विद्यार्थ्यांची माहिती, एकत्र तपासली. ज्या अभ्यासांत घरची परिस्थिती वगैरे फरक नीट वजा केले होते, त्यांत वेगळ्या शाळेचा फायदा जवळजवळ दिसेनासा झाला.

इथेच विषय संपवला तर तो एकतर्फी होईल. दक्षिण कोरियात सोल शहरात २०१० च्या आधी मुलांना हायस्कूल चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून दिलं जाई. कोण कुठं जाणार हे पालकही ठरवत नसत आणि शाळाही ठरवत नसे. त्यामुळे निवडून घेतलेल्या मुलांची भानगडच तिथं उरत नव्हती. तिथल्या त्या काळातल्या अभ्यासात मुलींच्या शाळेतल्या मुली आणि मुलांच्या शाळेतले मुलगे, दोघांचेही गुण मिश्र शाळांपेक्षा थोडे बरे निघाले. कॅरिबियन बेटांवरच्या त्रिनिदादमध्ये २०१० पासून वीस मिश्र शाळा टप्प्याटप्प्यानं फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या करण्यात आल्या. तिथंही निकाल सुधारले. म्हणजे वेगळ्या शाळेनं फरक पडतच नाही असं नाही. काही ठिकाणी पडतो, काही ठिकाणी पडत नाही, आणि जिथं पडतो तिथंही तो मुलीचं नशीब पालटण्याइतका मोठा नसतो. “कन्याशाळाच चांगली” आणि “मिश्रच चांगली” ही दोन्ही वाक्यं छातीठोकपणे बोलणाऱ्यावर सारखाच अविश्वास दाखवावा, असं माझं मत आहे.

“मुलांचा मेंदू वेगळा, मुलींचा वेगळा, म्हणून शिकवायचंही वेगळं” हे इंग्लिश मीडियमच्या पालकसभेत अधूनमधून कानावर पडतं. ऐकायला शास्त्रीय वाटतं. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डायन हालपर्न आणि इतर संशोधकांनी याचा समाचार घेतला होता. मुलामुलींच्या मेंदूंत जे काही फरक आढळतात, त्यांवरून गणित किंवा भाषा वेगळ्या पद्धतीनं शिकवावी असं काहीही निघत नाही. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

“आपल्याकडं मुलींच्या शाळा पहिल्यापासून वेगळ्याच” हेही अर्धवट खरं. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली. त्या शाळा वेगळ्या होत्या, कारण त्याशिवाय त्या काळी कुणी मुलीला उंबऱ्याबाहेर पाठवायला तयार नव्हतं. मुलींना शाळेपर्यंत आणायची ती वाट होती. मुलगी मुलाशेजारी बसल्यानं बिघडते, असा सिद्धांत त्यामागं नव्हता. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळेत तर पाटी-दप्तर घेऊन भाऊ-बहीण एकाच दारातून आत जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. धर्माबादहून तेलंगणातलं बासर जवळ आहे. तिथल्या सरस्वतीच्या देवळात लेकराचा हात धरून पहिलं अक्षर काढवून घ्यायला दोन्ही राज्यांतली माणसं जातात, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसतो. भेद पाचवीला सुरू होतो.

आता सगळ्यांत नाजूक वाक्य: “मुलींची शाळा म्हणजे निर्धास्त.”

धोका शेजारच्या बाकावरच्या मुलाकडून असतो, हे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात लेकरांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा मोठा माणूस असतो: नातेवाईक, शेजारी, गाडीवाला, कधी शाळेतलाच कुणी कर्मचारी. मुलींच्या शाळेतही पुरुष शिक्षक, शिपाई, व्हॅनचे चालक असतातच. आणि मुलगे सुरक्षित आहेत हाही भ्रम. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. म्हणूनच २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. शाळेत गेल्यावर विचारायचं ते हे: सखी सावित्री समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, तक्रारपेटी कुठं लावली आहे आणि ती कोण उघडतं. राज्य सरकारनं २०२२ मध्ये ही समिती प्रत्येक शाळेत नेमायला सांगितलं आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलामागं लावली असेल, तर तिच्यात चिठ्ठी टाकायला कोणती मुलगी जाणार? १०९८ हा मदतीचा नंबर पोरापोरींना पाठ करून द्यावा, शाळा कुठलीही असो.

उलट बाजूचाही एक लाडका समज आहे. शिकलेल्या घरांत तो जास्त. “मिश्र शाळेत टाकलं की मुलगी धीट होते आणि मुलगा बायकांना मान द्यायला शिकतो.” आपल्याकडच्या बहुतेक मिश्र शाळांत जाऊन बघा. एका बाजूला मुलींच्या रांगा, दुसऱ्या बाजूला मुलांच्या. मधल्या सुट्टीत मैदान मुलांचं, व्हरांडा मुलींचा. गॅदरिंगला रांगोळी मुलींकडं, माइक मुलांकडं. हजेरीपटावर वर्ग एक, पण बाकांवर दोन शाळा भरलेल्या. अशानं कोण काय शिकणार? हरियाणात ३१४ सरकारी शाळांमध्ये मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या काही शाळांत सातवी-आठवीपासून अडीच वर्षं मुलामुलींशी वर्गात नेमानं चर्चा घेतल्या: घरकाम कुणाचं, बहिणीचं लग्न किती वयात, तिच्या शिक्षणाचं काय. जिथं चर्चा झाल्या तिथल्या मुलामुलींची मतं बदलली. मुलगे घरात जास्त कामं करू लागले आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही बराच परिणाम टिकून होता. एका खोलीत नुसतं बसवून जे होत नाही, ते शिकवून होतं. त्यामुळे मिश्र शाळेच्या मुख्याध्यापकांना “तुमच्याकडं मुलं-मुली एकत्र आहेत ना?” असं विचारण्यात अर्थ नाही. वर्गाचा मॉनिटर कोण, प्रयोगशाळेत उपकरण हातात कोण धरतं, कबड्डीचा मुलींचा संघ आहे का, हे विचारावं.

“खाजगी म्हणजे फीची आणि म्हणून चांगली” हा समज मराठवाड्यात विशेष गमतीचा आहे. आपल्या तालुक्याच्या गावांतली कितीतरी जुनी हायस्कुलं खाजगी संस्थांचीच आहेत, पण त्यांतल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. अशा अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. पूर्ण फी लागते ती विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत. तिथंही प्रवेशाच्या सुरुवातीच्या वर्गात, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधी, पंचवीस टक्के जागा शिक्षणहक्क कायद्यातून (आरटीई) दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात आणि त्या जागांवर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असलं, तर ती शाळा सीबीएसईची आहेच असं नाही. संलग्नता क्रमांक आणि यू-डायस क्रमांक मागा. ऑफिसमधला कारकून ते चटकन सांगू शकला नाही, तर काय ते समजा.

आता ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो, त्यांकडं येऊ.

शाळेचं स्वच्छतागृह. ते आहे की नाही हे तर बघावंच, पण दार आतून लागतं का, नळाला पाणी येतं का, कुलपाची किल्ली कुणाकडं असते आणि ती मागायला मुलीला पुरुष शिपायापुढं उभं राहावं लागतं का, हेही बघावं. सकाळपासून चार वाजेपर्यंत पाणीच न पिणाऱ्या मुली आहेत. सहावी-सातवीतली मुलगी महिन्यातले चार दिवस घरी का राहते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच सापडतं. देशभरातल्या शाळांच्या माहितीवर अंजली अडुकिया यांनी केलेल्या अभ्यासात, लहान वयात शाळेत कुठलंही स्वच्छतागृह असलं तरी पटसंख्या वाढलेली दिसली. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत मात्र मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असण्यानं फरक पडला. शाळा मिश्र असली तरी चालेल, स्वच्छतागृह मिश्र असून चालत नाही.

दुसरी गोष्ट रस्ता. बिहारनं २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलचे पैसे दिले आणि माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश सुमारे एकतृतीयांशानं वाढला. आपल्याकडं मानव विकास कार्यक्रमाच्या बस आणि अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास आहे. धर्माबाद तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या मुलीची शाळा ठरवताना, गाडी सकाळी किती वाजता येते आणि परतीची चुकली तर काय, हा प्रश्न वर्गात मुलगे आहेत की नाहीत याच्यापेक्षा मोठा आहे. दहा किलोमीटरवरच्या कन्याशाळेपायी मुलगी आठवीत घरी बसत असेल, तर पायी जाता येणारी मिश्र शाळा कितीतरी बरी.

तिसरी गोष्ट बाई. म्हणजे शिकवणाऱ्या बाई. अखंड आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी दाखवलं, की शिक्षिका असली तर मुली जास्त शिकतात आणि मुलांचं त्यात काही नुकसान होत नाही. म्हणून गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, हे विचाराच. काही कन्याशाळांत विज्ञानाची प्रयोगशाळा नावाला असते आणि शिवणकामाची खोली मात्र सुसज्ज. अशी शाळा मुलीला सांभाळते आणि तिची वाट अडवतेही.

या भागात मुलींची निवासी शाळा हवी असेल, तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना २००४ पासून आहे. फी नाही, राहणं-खाणं मोफत आणि शाळा फक्त मुलींची. आणि ज्या शाळेच्या परीक्षेसाठी पाचवीतली मुलं वर्षभर शिकवणीला जातात, ते बिलोली तालुक्यातलं शंकरनगरचं जवाहर नवोदय विद्यालय निवासीही आहे आणि मिश्रही. तिथं किमान एकतृतीयांश जागा मुलींच्या असतात. नवोदयला नंबर लागला, की “मिश्र आहे” ही तक्रार कुठल्या घरातून ऐकू येत नाही. या सगळ्या चर्चेतलं पाणी इथं मुरतं.

कारण बऱ्याच घरांत हा वाद शाळेच्या प्रकाराचा नसतोच. मुलगा पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला जातो आणि ती शाळा मिश्र आहे. मुलगी कन्याशाळेत, कारण “मुलींना तिथंच बरं”. मग मुलाच्या वर्गात ज्या मुली बसतात, त्यांचे आईबाप बेफिकीर समजायचे का? ‘असर’ या शिक्षणविषयक पाहण्यांत खेड्यापाड्यांतल्या खाजगी शाळांत मुलींपेक्षा मुलग्यांचं प्रमाण जास्त दिसत आलं आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली फी वाचते, हे घरातल्या घरात तरी कबूल करायला हवं. कन्याशाळा चांगली म्हणून निवडली असेल तर उत्तम. ती फुकट आहे म्हणून निवडली असेल, तर निदान तिच्या शिकवणीवर भावाइतका खर्च करा. आणि पैसे एकाच्याच फीपुरते असतील, तर कुणाला कुठं टाकायचं हे दोघांचा कल आणि अभ्यास पाहून ठरवा.

मुलीलाही विचारा. आपलं ऐकून घेतील असं वाटलं, तर अकरा वर्षांची पोर नेमकं सांगते: कुठल्या शाळेत मैत्रीण आहे, कुठल्या सरांची भीती वाटते, कुठल्या रस्त्यावर कुत्री आहेत. तिच्या यादीत मिश्र की वेगळी हा मुद्दा बहुतेक वेळा नसतोच. दहावीनंतर धर्माबादच्या लालबहादूर शास्त्री महाविद्यालयात गेली काय किंवा नांदेड-लातूरला गेली काय, वर्गात बहुतेक ठिकाणी मुलगे असणारच आहेत.

शेवटचा समज, “एकदा टाकलं की टाकलं.” तसं नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार आठवीपर्यंत कुठल्याही कारणानं शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाता येतं. मुख्याध्यापकांनी टीसी लगेच द्यायची असते आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जूनमध्ये घेतलेला निर्णय दिवाळीपर्यंत चुकीचा वाटला, तर अर्ज करा आणि त्याची पोच घेऊन ठेवा.