ईस्टरची तिथी कशी ठरते?

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. ईस्टर मात्र कधी मार्चअखेर, तर कधी एप्रिल सरता सरता येतो. याचे कारण असे की, ख्रिस्ती सणांचे दोन वर्ग आहेत. नाताळ, ६ जानेवारीचा तीन राजांचा सण, २४ जूनचा सांजांव आणि ३ डिसेंबरचे संत फ्रान्सिस झेव्हियरचे फेस्त हे सौर तारखांशी निगडित आहेत. ईस्टर हा चंद्राशी बांधलेला आहे.

येशूला क्रूसावर चढविले गेले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि तो सण पौर्णिमेचा. पुनरुत्थानाचा वार मात्र रविवार. या दोहोंचा मेळ घालताना प्राचीन ख्रिस्ती समाजात मतभेद झाले. सर्वांनी ईस्टर एकाच दिवशी पाळावा, असा निर्णय इ. स. ३२५ मध्ये निकीया येथील धर्मपरिषदेने दिला. पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडील फाल्गुनी वा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो.

या एका दिवसावर वर्षातील कितीतरी दिवस अवलंबून असतात. भस्म बुधवार ४६ दिवस आधी येतो. मधले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात. गोव्यातील कार्निव्हल त्या बुधवारापूर्वीचे चार दिवस चालतो. ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण व पन्नासाव्या दिवशी पेंटेकोस्ट येतो.

तथापि ही पौर्णिमा आकाशातील नसून चर्चच्या कोष्टकांतील असते. २०१९ साली वसंतसंपातानंतर लगेच, २१ मार्चला, पौर्णिमा झाली. पण कोष्टकाप्रमाणे ती २० मार्चलाच होऊन गेली होती. म्हणून ईस्टर महिनाभर पुढे, २१ एप्रिलला गेला.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. जुन्या ज्युलियन गणनेत वर्ष किंचित लांब धरल्याने सोळाव्या शतकात वसंतसंपात ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता. तेव्हा १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर उजाडला. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स संघांनी ईस्टरसाठी जुनीच गणना ठेवली. परिणामी २०२४ साली रोममध्ये ३१ मार्चला पुनरुत्थानाचा आनंद साजरा झाला, तर अथेन्समध्ये ५ मेला. जेथे दोन्ही परंपरांची माणसे एकाच घरात नांदतात, तेथे एकाचा उपवास चालू असतानाच दुसऱ्याचा सण होऊन जातो.

हा भेद मिटावा म्हणून १९९७ साली अलेप्पो येथील सभेने सुचविले की, जेरुसलेमच्या रेखांशावरून प्रत्यक्ष खगोलीय गणित करावे. ही सूचना अमलात आली नाही. निकीया परिषदेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली दोन्ही ईस्टर २० एप्रिलला एकत्र आले. परंतु तो कोष्टकांचा योगायोग होता, एकमताचे फळ नव्हे. २०२६ साठी कोष्टकांनी पुन्हा दोन तारखा दिल्या : ५ एप्रिल आणि १२ एप्रिल.