बावखलाचा जमाखर्च

पापडी तलावावरून निघून वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांच्या वाटेला लागले म्हणजे, नव्या इमारतींच्या आड का होईना, एखादे बावखल अजूनही दृष्टीस पडते. आणि पावसाचे गोडे पाणी साठविण्यासाठी पूर्वजांनी वाडीतच खणून ठेवलेले ते लहानसे तळे पाहिले की, काटकसर ही या मुलखाची किती जुनी वहिवाट आहे, याची साक्ष पटते. या पाण्यावर, रहाटाच्या आधाराने, केळी, पानवेली आणि फुलझाडे पोसली गेली; जे जमिनीत मुरले त्याने आसपासच्या विहिरी गोड राखल्या. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी असलेल्या या भूमीत गोड्या पाण्याचा भूगर्भातील साठा घटला की खारे पाणी आत सरकते, म्हणून बावखल बुजविणे हे मला केवळ एका खड्ड्याचे बुजणे वाटत नाही. त्याच वाडीत केळीचे पान ताटाच्या जागी येई, पिकलेली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी होत, त्या वाळवणीस इंधनाची काडीही लागत नसे, आणि पाचोळा पुन्हा झाडांच्या मुळाशी जाई. ज्याला पुढचा हक्कदार नाही, असे त्या घरात फारसे काही उरतच नसे.

आज पाणी दूरच्या धामणीहून, सूर्या प्रकल्पातून येते आणि गच्चीवरील टाकीत चढण्यासाठी वीज खाते. तेव्हा वाहता नळ बंद करणे ही विजेचीही बचत आहे. परंतु घरातील विजेचा हिशेब मांडताना आपले लक्ष दिव्यांवर खिळते, आणि खरा खर्च उष्णतेच्या खाती पडतो, तो नजरेआड राहतो. वीस लिटरांची एक बादली पंधरा अंशांनी तापविण्यास सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेत नऊ वॅटचा एलईडी दिवा अडतीस तासांहून अधिक जळेल. स्वयंपाकातही तेच: पाणी एकदा उकळले की आच कितीही मोठी ठेवली तरी त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते, म्हणून उकळी येताच झाकण ठेवून आच मंद करावी. भिजविलेले कडधान्य लवकर शिजते, हे आजीला ठाऊक होते. तिच्या त्या रीतीत इंधनाची बचत आपोआप होई.

कचऱ्याचे म्हणाल, तर २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी त्याची वर्गवारी घरातच करण्याचा दंडक घातला. त्यामागील कारण समजून घेतले तर तो जाचक वाटणार नाही: भाजीच्या देठांनी भिजलेला कागद भंगारवालाही घेत नाही, आणि हवाबंद ढिगात कुजणारे अन्न मिथेन वायू सोडते. तेच देठ, भोके पाडलेल्या कुंडीत कोरड्या पाचोळ्याच्या थरांमध्ये घातले आणि अधूनमधून खालवर केले, तर हवा खेळते, दुर्गंधी येत नाही आणि काही महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत हाती लागते.

चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात बावखल खणता येत नाही, हे खरे. तरी तांदूळ धुतलेले पाणी मोरीत न ओतता त्याच खतावर वाढलेल्या मोगऱ्याला घालता येते.