तेरणेचा रोहू आणि वेष्टनावरील ‘अँटिऑक्सिडंट’

औषधांच्या वेष्टनांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता इतका रुळला आहे, की तो आपल्या ‘रसायन’ या संज्ञेचा पर्यायच मानला जातो. हे समीकरण तपासण्यास धाराशिव जिल्ह्यातील वैद्यास दूर जावे लागत नाही. माकणीचा निम्न तेरणा किंवा परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव जलाशय उन्हाळ्यात आटू लागला, की उथळ पाण्यातील शेवाळामुळे दुपारी प्राणवायू वाढतो व पहाटे घटतो. या चढउतारात माशाच्या पेशींत प्राणवायूची उपद्रवी रूपे अधिक निर्माण होतात.

त्यांचा प्रतिकार मासा स्वतःच्या विकरांनी करतो. मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ज्याचे कार्य उलगडले, ते सुपरऑक्साइड डिस्म्युटेज सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पुढे पाणी करतात.

आम्हांस येथे मोरचुदाचे उदाहरण विशेष उद्बोधक वाटते. रसशास्त्रातील तुत्थ ते हेच, आणि द्राक्षबागांवरील बोर्डो मिश्रणातही तेच असते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेजच्या एका प्रकारास तांबे व जस्त अत्यावश्यक असतात; मात्र तेच तांबे पाण्यात अधिक उतरले, तर पेशीस घातक ठरते. आरंभी विकरांची क्रिया बहुधा वाढते, आघात टिकल्यास खालावते. त्यामुळे तक्त्यातील वाढलेला आकडा म्हणजे माशाचे बळ वाढले, असे मानणे घाईचे होय. ज्वराप्रमाणे तो पीडेचाही निदर्शक असू शकतो.

वनस्पतीच्या अर्काने माशातील विकरे वाढली, एवढ्याच आधारावर औषधनिर्मात्या बंधूंनी रुग्णास आश्वासन देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मासा खाल्ल्यानेही त्याची विकरे आपणांस जशीच्या तशी लाभत नाहीत. ती प्रथिने आहेत. शिजताना निकामी होतात व पोटात पचून जातात. लाभतात ती घटकद्रव्ये, उदाहरणार्थ ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला लागणारे सेलेनियम.

चरकसंहितेने माशांत रोहित श्रेष्ठ मानला, तो त्याच्या आहारविहाराकडे पाहून: तो शेवाळ खातो व झोपत नाही. (माशास पापण्या नसतात, हे निद्रेविषयीच्या विधानाचे मूळ असावे.) सुश्रुताने तर नदीचे व तळ्याचे मासे गुणांनी निराळे मानले. पथ्य म्हणून रोहू सुचविताना तो कोणत्या पाण्यातला, फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात ओढ्याच्या तोंडाशी धरलेला तर नाही, हे आम्ही रुग्णास आवर्जून विचारतो.