कृष्णधवल देखावे

युद्धप्रसंगांचे लहान प्रमाणांतील देखावे करणारे कांहीं पाश्चात्त्य हौशी कारागीर सारा देखावा केवळ काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांनीं रंगवितात. जुनें छायाचित्रच घनरूपानें उभें राहिलें, असा भास व्हावा हा हेतु. रंगीत कामाहून हें सोपें, असें वाचकांस वाटेल. तसें मुळींच नाहीं.

१९१४ च्या ऑगस्टांत फ्रेंच शिपाई तांबड्या विजारी घालून रणांगणावर उतरला; १९१५ पासून त्यास फिकट निळा गणवेष मिळाला. त्या काळच्या छायाचित्रणाच्या बहुतेक काचा निळ्या प्रकाशास तत्काळ वश होत, तांबड्यास मात्र जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून छायाचित्रांत विजार काळसर, निळा डगला पांढुरका, आणि आकाश तर कोरेंच! डोळ्यांच्या अंदाजानें करडी छटा ठरविणारा येथें फसतो. आमच्या मतें, छायाचित्राची नक्कल करावयाची तर दृष्टि काचेची घ्यावी, स्वतःची नव्हे.

शिवाय काळ्यांत पांढरा मिसळला कीं बहुधा निळसर झांक येते. ती किंचित् तपकिरी रंगानें मारावी लागते. सावल्या कुंचल्यानें घातल्या, तर खोलींतील दिवाही त्याच दिशेस हवा. नाहींतर एका शिपायास दोन सावल्या! इतकें साधल्यावर कोणी पाहुण्यानें कौतुकानें बोट पुढें केलें, कीं त्या बोटाच्या रंगाशेजारीं सारें छायाचित्र पुन्हां खेळणें होऊन बसतें.