खलाशांचं घर, बंदरातली दारू आणि मशीद बंदर

आमच्या निफाड तालुक्यातली द्राक्षं नाव्हाशेवा बंदरातून युरोपला जातात. विंचूरच्या वाईन पार्कातली वाईन मुंबईच्या बाजारात विकली जाते. माल बंदरापर्यंत कसा पोचतो हे इथल्या प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक आहे, पण पुढे तो वाहून नेणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. जहाजावरून उतरलेला खलाशी कुठे जायचा, कुठे प्यायचा, कुठे निजायचा? हे पाहायला मी मुंबईत अपोलो बंदरावर गेलो.

बंदराकाठचा नावाजलेला जुना बार म्हणजे ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार. तो 1933 साली सुरू झाला आणि मुंबईतला पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जातो. खिडकीतून गेटवे आणि लाटांवर डोलणाऱ्या बोटी दिसतात. जागा देखणी आहे, पण ती साहेबांची, संस्थानिकांची, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची. बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्याला तिथला एक पेलाही परवडला नसता.

खलाशासाठी बांधलेली वास्तू तिथून चालत काही मिनिटांवर, रीगल सिनेमाजवळच्या चौकात आहे. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. निळसर काळ्या दगडाची ही भक्कम गॉथिक इमारत म्हणजे मुळातलं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. समोर थांबून वर पाहिलं की दर्शनी त्रिकोणावर समुद्रदेव नेपच्यून दिसतो, भोवती जलपऱ्या आणि सागरी घोडे. पोलिसांच्या दारावर समुद्राचा देव कसा, हा प्रश्न रोज तिथून जाणाऱ्या हजारो लोकांना पडत असेलच असं नाही.

राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा आल्फ्रेड हा स्वतः आरमारी अधिकारी. तो 1870 मध्ये मुंबईत आला तेव्हा त्याच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. खर्चाचा मोठा वाटा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी उचलला. इमारत 1876 मध्ये पुरी झाली, पण खंडेराव ती पाहायला राहिले नाहीत. 1870 सालीच ते वारले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. बोरीबंदरचं स्टेशन त्यांनी यानंतर बांधलं.

एवढा खटाटोप कशासाठी? शिडाच्या जहाजांना मालाची आणि वाऱ्याची वाट पाहत बंदरात आठवडेच्या आठवडे काढावे लागत. सफर संपली की खलाशाचा हिशोब चुकता होई. हातात महिन्यांचा पगार, गावात ओळखीचं कोणी नाही. खानावळवाले आणि गुत्तेवाले त्याला उधारीवर ठेवून घेत, पैसे संपेपर्यंत पाजत आणि मग पुढच्या जहाजाच्या पगारावर उचल काढून त्याला चढवून देत. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काम सुटलेले, दारूत बुडालेले गोरे खलाशी रस्त्यावर भटकताना दिसणं हे राज्यकर्त्यांनाही झोंबत होतं. युरोपियन भटक्यांसाठी 1869 मध्ये खास कायदाच करावा लागला. स्वच्छ अंथरूण, रास्त दरात जेवण आणि गुत्त्यापासून दूर छप्पर देणारं सेलर्स होम हा त्याच काळजीचा दुसरा भाग होता.

पुढे 1928 मध्ये इमारत मुंबई कायदेमंडळाकडे गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावरही विधिमंडळ इथेच भरायचं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनात गेलं. ज्या विधिमंडळाचं हे घर होतं, त्यानेच 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा केला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा हा कायदा. त्याच्या 39 व्या कलमात मालवाहू बोटी, युद्धनौका आणि आरमारी कँटीनमध्ये विदेशी मद्याला परवानगी देण्याची सोय ठेवली होती. साऱ्या प्रांताला दारू बंद करतानाही दर्यावर्दी माणसाचा वेगळा विचार करावा लागला. तो कायदा पुढे सैल झाला, तरी आजही लागू आहे. गावोगावच्या पाट्यांवरचा ‘परमिट रूम’ हा शब्द त्याच्याच परवान्यातून आला. त्याच राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि विंचूरला वाईन पार्क उभं राहिलं.

मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. सेलर्स होम गोऱ्यांसाठी होतं. सारंग, तांडेल, कसाब, भंडारी या हुद्द्यांवर राबणारे रत्नागिरीचे, गोव्याचे, गुजरातचे खलाशी त्याच जहाजांवर गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पगारात काम करत होते. त्यांची सोय त्यांच्या गावाने केली. गोव्याच्या तारवटींनी धोबी तलावच्या आसपास ‘कूड’ काढले. एका गावाचा एक कूड. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. बहुतेक कुडांत दारूला मनाई. सरकारने दगडी महाल बांधून जे साधायचं ठरवलं, ते या माणसांनी भाड्याच्या खोल्यांत, आपल्या वर्गणीवर साधलं. जेर महाल इमारतीत असे कूड अजून आहेत. माझ्या लेखी मुंबई बंदराची खरी संस्था ती.

भारतीय खलाशांसाठीचं इंडियन सेलर्स होम मशीद बंदरला आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांचंही आहे.

खलाशांच्या गुत्त्यांचे दिवस संपवले ते कंटेनरने. नाव्हाशेवा 1989 मध्ये सुरू झालं. आता मोठं जहाज लागतं, क्रेनने डबे उतरवतं, नवे चढवतं आणि पुष्कळदा एकदोन दिवसांत निघूनही जातं. खलाशाला शहर पाहायला सवडच मिळत नाही. द्राक्षाचा रीफर कंटेनर विंचूरच्या रस्त्याने जाताना आपण पाहतो. त्याला रात्रंदिवस थंड ठेवणारी माणसं महिनोन्महिने पाण्यावर असतात.

मुंबईला जाल तेव्हा ताज आणि गेटवे पाहाच. रीगलच्या चौकात थांबून नेपच्यूनकडेही मान वर करा. मात्र परतीची गाडी धरण्याआधी थोडा वेळ मशीद बंदरच्या त्या स्मारकासाठी राखून ठेवा.